पातेल्यात उकळलेला चहा, कॉफी आणि तुमची औषधे: रक्तवाढीची गोळी, बीपी, झोप यांच्याशी त्यांचा संबंध

"तीन महिने गोळ्या खाल्ल्या, तरी रक्त वाढत नाही." बीड, केज, धारूर, पाटोदा, गेवराई भागातल्या दवाखान्यांत बायकांची ही तक्रार वारंवार ऐकू येते. त्याला कारणे बरीच असतात. पाळीत जास्त रक्त जाणे, पोटात जंत असणे, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसणे, किंवा गोळ्या मळमळतात म्हणून मधूनच सोडलेल्या असणे. ही कारणे डॉक्टर तपासतातच. पण गोळी कशाबरोबर घेता, हे फारसे कुणी विचारत नाही. विचारले तर उत्तर बहुधा येते, "सकाळच्या चहासोबत."

आपल्याकडे चहा हे नुसते पेय राहिलेले नाही. चहा-चपाती किंवा चहात बुडवलेली शिळी भाकर हा अनेक घरांत पूर्ण नाष्टा असतो. कॉफी त्यामानाने कमी घरांत होते, पण पाहुणे आले, उपवास असला किंवा कुणाला चक्कर आली की कॉफीचा डबा निघतोच. या दोन्ही पेयांचा शरीरावर काय परिणाम होतो आणि तुम्हाला आजार असेल, गोळ्या चालू असतील किंवा घरात गरोदर बाई असेल तर काय जपावे, ते इथे सांगितले आहे. चहा-कॉफी सोडा, असे सांगण्याची वेळ फार थोड्या रुग्णांवर येते. बहुतेकांना फक्त वेळ बदलायची असते.

आधणात नेमके काय घडते

आपण चहा करतो तो उकळून. पाण्यात साखर आणि पत्ती टाकायची, आधण आले की दूध घालायचे आणि रंग चढेपर्यंत उकळत ठेवायचे. दुकानात मिळणारी दाणेदार पत्ती त्यासाठीच बनवलेली असते. तिच्यातून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो.

तरतरी देणारा घटक म्हणजे कॅफिन. ते पाण्यात लवकर विरघळते आणि पहिल्या काही मिनिटांतच बरेचसे बाहेर येते. चहाला तुरट चव देणारे घटक, म्हणजे टॅनिन आणि त्या जातीची इतर द्रव्ये, मात्र उकळत ठेवाल तशी उतरतच राहतात. म्हणून दहा-पंधरा मिनिटे उकळलेला चहा जास्त कडू-तुरट लागतो, पण त्याने तरतरी त्या प्रमाणात वाढत नाही. तीच पत्ती पुन्हा उकळून केलेल्या दुसऱ्या चहातही तुरटपणाच अधिक असतो. लोहाच्या शोषणात अडथळा आणणारी द्रव्ये हीच. आल्यामुळे, वेलचीमुळे किंवा दुधामुळे त्यांचा त्रास संपतो असे समजू नका.

कॉफीची आपली जुनी पद्धत वेगळी आहे. दूध उकळायचे, त्यात साखर आणि कॉफी घालायची आणि वरून जायफळ किसायचे. एके काळी मुंबईच्या पोलसन कंपनीची चिकोरी मिसळलेली कॉफी मराठी घरांत प्रसिद्ध होती. आता बहुतेक घरांत विरघळणारी, म्हणजे इन्स्टंट कॉफी असते. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी. तिच्यात कॅफिन नसते. त्यामुळे चिकोरी जास्त असलेली पावडर रंगाने काळीकुट्ट दिसली तरी कॅफिनच्या हिशेबाने सौम्यच असते. पाकिटावर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के हे छापणे बंधनकारक आहे, ते वाचून घ्या. सुटी पावडर आणली असेल तर ग्लासभर पाण्यावर चिमूटभर टाकून पाहा. कॉफी वर तरंगत राहते, चिकोरी रंगाच्या रेघा सोडत खाली बसते.

जायफळाबद्दल सांगून ठेवतो. कपात चिमूटभर किसून घातले तर काही बिघडत नाही. झोप यावी म्हणून चमचाभर खाल्ले तर उलट्या, धडधड आणि भ्रम होऊ शकतो. तान्ह्या बाळाला झोपवण्यासाठी जायफळ उगाळून चाटवण्याची पद्धत अजून काही घरांत आहे, ती पूर्ण बंद करा.

कपभर म्हणजे किती कॅफिन?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत १५० मिलिलिटरच्या कपाचे आकडे दिले आहेत. ताज्या दळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. दिवसाला एकूण ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे ही संस्था सांगते.

आपल्या हॉटेलातला 'कट' याच्या निम्माच भरतो, त्यामुळे कपांची नुसती संख्या मोजून घाबरायला नको. पण दिवसभरात दहा-बारा कट होत असतील, तर हिशेब करायला हवा. दुकानदार, ड्रायव्हर, कचेरीत काम करणारे, राजकीय कार्यकर्ते यांचा हा आकडा सहज गाठला जातो. प्रत्येक भेटीला चहा आणि नाही म्हटले तर समोरच्याला राग, ही आपली अडचण खरी आहे. "अर्धाच द्या, बिनसाखरेचा" असे म्हणायला शिका. मान राखला जातो आणि साखरही टळते.

साखरेचे गणित त्याहून सोपे आहे. एक लहान चमचा साखर म्हणजे साधारण ५ ग्रॅम. दोन चमच्यांचे पाच चहा झाले की ५० ग्रॅम साखर पोटात गेली, म्हणजे २०० कॅलरी, त्याही चहाबरोबरची बिस्किटे न धरता. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने साध्या प्रौढ माणसाची दिवसभराची वरची मर्यादा एवढीच आहे आणि निम्मी केली तर अधिक चांगले. मधुमेह असेल तर गुळाचा चहा सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. रक्तातली साखर गूळही वाढवतो. गुळात थोडे लोह असते हे खरे, पण त्यावर रक्त वाढेल ही अपेक्षा धरू नका, आणि तो चहात घातल्यावर तर नाहीच.

रक्तवाढीची गोळी आणि चहा

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे घरात दोन बायका असतील तर एकीचे रक्त कमी असण्याची शक्यता मोठी. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी, गरोदर स्त्रीचे ११ पेक्षा कमी आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात.

आपले बहुतेक लोह भाकरी, डाळी आणि पालेभाज्यांतून येते. बाजरीत लोह चांगले असते. पण धान्य-भाजीतले लोह शरीरात मुळातच कमी शोषले जाते. त्यावर चहा पडला की चहातली तुरट द्रव्ये आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि ते शौचावाटे निघून जाते. १९८३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात जेवणाबरोबर चहा घेतल्यावर लोहाचे शोषण ६४ टक्क्यांनी आणि कॉफी घेतल्यावर ३९ टक्क्यांनी घटले. या बाबतीत चहा कॉफीपेक्षा जास्त नडतो.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. कॉफी जेवणाच्या एक तास आधी घेतली तर शोषण घटले नाही, पण जेवणानंतर एका तासाने घेतली तेव्हा जेवणाबरोबर घेतल्याइतकेच घटले. राष्ट्रीय पोषण संस्था जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगते. ज्यांचे रक्त कमी आहे त्यांनी जेवणानंतर दोन तास थांबावे, असे मी सांगतो. जेवणाआधी एक तास पुरतो.

मग चहा-भाकरीचे काय करायचे? भाकरी सोडायची नाही, चहाही सोडायचा नाही, दोघांची फारकत करायची. उठल्या उठल्या चहा घेऊन टाका. भाकरी तासाभराने खा आणि तिच्यासोबत ठेचा, डाळ, पालेभाजी किंवा मोड आलेली मटकी घ्या. वर लिंबू पिळा. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. बीडच्या ज्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यातही क जीवनसत्त्व असते. हंगामात जेवणानंतर चहाऐवजी एक फळ खायला हरकत नाही, मधुमेह असेल तर बेताने.

गोळीची वेळ कोणती असावी? ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर स्त्रीला रोज एक लाल गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची. आपल्याकडे मला सर्वांत सोयीची वाटते ती रात्री झोपतानाची वेळ. त्या वेळी चहा नसतो, आणि मळमळ झालीच तर झोपेत निघून जाते. गोळी साध्या पाण्याबरोबर किंवा बिनसाखरेच्या लिंबूपाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर नको. गरोदरपणात कॅल्शियमच्याही गोळ्या चालू असतात. त्या लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका, दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवा. कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणाबरोबर आणि लोह रात्री, असे ठरवून टाकले की गोंधळ होत नाही. शौचाला काळे होणे हा गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

दिवाळीनंतर जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिकडेच असतात. कोपीवरचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. दूध विकत घ्यायचे, म्हणून कोरा चहा, आणि तोही पोटात दुसरे काही नसताना. पुढे फडात दहा-अकराला भाकरी आणि तिच्याबरोबर पुन्हा चहा. (कोपी आणि कॉफी हे शब्द कानाला एकसारखे असले तरी कोपीवर कॉफी क्वचितच असते.) मेहनत पैलवानाची आणि शोषले जाणारे लोह नाममात्र, अशी ही दिनचर्या आहे. पहाटेचा कोरा चहा तसाच राहू द्या. फडातल्या भाकरीसोबतचा चहा तेवढा दुपारवर ढकला. खर्च एक पैशाचा नाही.

पाळीत जास्त रक्त जात असेल तर चहाची वेळ बदलून पुरणार नाही. दर दोन तासांना कापड किंवा पॅड बदलावे लागणे, गाठी पडणे, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालणे, यांतले काहीही असेल तर तपासणी हवी. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. जास्त रक्तस्रावावर गोळ्या असतात, गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन असते, इतर उपाय असतात. पिशवी काढणे हा बहुतेक वेळा शेवटचा पर्याय. कुणी पहिल्याच भेटीत ऑपरेशन सांगितले, तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालय इथे दुसरे मत घ्या. दुसरे मत मागणे हा तुमचा हक्क आहे, त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

"बीपी लो झालंय, कॉफी द्या"

कुणाला गरगरले की घरचे आधी कॉफी करायला धावतात. यातून कधी कधी वेळ निघून जाते, म्हणून नीट समजून घ्या.

कॅफिनने रक्तदाब थोडा वेळ, थोडासा वाढतो. म्हणून कॉफीने बरे वाटल्याचा अनुभव काही जणांना येतो. पण गरगरण्याचे कारण प्रत्येकाचे वेगळे असते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला घाम सुटून थरथरत असेल तर त्याची साखर उतरलेली असू शकते. त्याला तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, कॉफी उकळत बसू नका. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडातून काहीही देऊ नका. उन्हात काम करून आलेल्याला किंवा जुलाब झालेल्याला पाणी आणि मीठ-साखर, म्हणजे ओआरएस हवे असते. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असे असेल तर चहा-कॉफी काही न देता १०८ ला फोन करा. रोजच गरगरत असेल तर बीपीपेक्षा हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता अधिक. अशा बाईला रोज कॉफी देत राहिलो, तर दुखण्याचे कारणच झाकले जाते.

बीपी, हृदयविकार आणि कोलेस्टेरॉल

रक्तदाब औषधाने आटोक्यात असेल तर दिवसाला दोन-तीन कप चहा किंवा एक-दोन कप कॉफी बहुतेकांना चालते. रक्तदाब १६०/१०० किंवा त्याहून वर असेल तर कॉफी कमी ठेवा. जपानमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, इतका उंच रक्तदाब असून दिवसाला दोन किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कॉफी न पिणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट दिसले. असे अभ्यास कॉफीनेच मृत्यू झाले हे सिद्ध करत नाहीत. तरीही रक्तदाब खाली येईपर्यंत सांभाळलेले बरे. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, बिडी, तंबाखू, मिश्री काहीच घेऊ नका. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर चहा पिऊन थेट आत आलेल्या रुग्णाचे बीपी जरा जास्तच भरते आणि कधी कधी त्यावर औषध वाढवले जाते.

कॉफीच्या बाबतीत गाळण्याला महत्त्व आहे. दळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक असतो आणि तो वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात १९८० च्या दशकात हे प्रथम ठळकपणे लक्षात आले, कारण तिथे कॉफी पावडर थेट पाण्यात उकळून, न गाळता पीत असत. कागदी गाळणीत हा घटक अडकतो. कापडातही बराच अडतो. स्टीलच्या गाळणीतून तो पुष्कळसा निसटतो. इन्स्टंट कॉफीत तो नगण्य असतो, त्यामुळे आपल्या बहुतेक घरांना ही काळजी नाही. पण पुण्या-मुंबईत शिकणारी मुले आता सुट्टीत घरी येताना गॅसवर ठेवायचे इटालियन भांडे, म्हणजे मोका पॉट घेऊन येतात. त्यात खालच्या भागात पाणी, मधल्या चाळणीत कॉफी आणि वाफेच्या दाबाने वरच्या भागात अर्क, अशी रचना असते. त्यात कॅफेस्टॉल थोडे उतरते, उघड्यावर उकळलेल्या कॉफीइतके नाही. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर हा अर्क कागदी गाळणीतून गाळून घ्या किंवा दिवसाला एकच कप ठेवा.

मोका पॉट वापरताना पाणी खालच्या भागातल्या झडपेच्या खालपर्यंतच भरावे. चाळणीत पावडर दाबून बसवू नये. आच मंद ठेवावी आणि गुरगुर आवाज सुरू झाला की भांडे लगेच उतरवावे. झडप क्षाराने बुजलेली असेल तर कुकरसारखा दाब साठतो. आपल्या बोअरच्या जड पाण्याने ती बुजते, म्हणून अधूनमधून व्हिनेगर किंवा लिंबू घातलेल्या पाण्यात भिजवून साफ करा.

थायरॉइडची गोळी

ती अनशेपोटी, साध्या पाण्याबरोबरच घ्यायची. चहा किंवा कॉफी त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. डोस वाढवत नेऊनही रिपोर्ट सुधारत नसेल तर सकाळची पहिली गोष्ट काय पोटात जाते, ते डॉक्टरांना नक्की सांगा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा.

गरोदरपण, अंगावर पाजणे आणि लहान मुले

गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहणे सुरक्षित मानले जाते, म्हणजे चहाचे दोन-तीन छोटे कप किंवा इन्स्टंट कॉफीचे दोन. या काळात कॅफिन शरीरातून फार सावकाश बाहेर जाते. एरवी पाच-सहा तासांत निम्मे कमी होते, शेवटच्या महिन्यांत त्याला दहा तास किंवा अधिक लागतात. संध्याकाळच्या चहाने रात्रभर झोप न लागल्याचे अनेक गरोदर बायका सांगतात, ते मनाचे खेळ नव्हेत. अंगावर पाजणाऱ्या आईला दोन-तीन कप चहा चालतो. बाळ फार किरकिरत असेल आणि झोपत नसेल तर काही दिवस कमी करून पाहा.

लहान मुलांना चहा देऊ नका. "रंगापुरता" म्हणून दुधात घातलेला चहासुद्धा नको. पोट चहा-टोस्टने भरते आणि मूल जेवत नाही. जे काही खाते त्यातले लोहही नीट लागत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांत रक्तक्षय फार आहे आणि त्या वयात त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. सकाळी काही गरम हवेच असेल तर नाचणीची पेज किंवा गरम दूध द्या.

अचानक सोडू नका

एकादशीला किंवा रोजात दिवसभर डोके का दुखते, याचे एक कारण चहा चुकणे हे असते. रोज भरपूर चहा-कॉफी घेणाऱ्याने ती एकदम थांबवली तर १२ ते २४ तासांत डोकेदुखी, चिडचिड, सुस्ती सुरू होते आणि काही दिवस टिकते. उपवासाच्या किंवा रमजानच्या आधी आठवडाभर रोज एकेक कप कमी करत या. सहेरीला शेवटच्या क्षणी दोन कप कडक चहा पिण्यापेक्षा पाणी जास्त प्या. ॲसिडिटीवाल्यांनी अनशेपोटी कोरा चहा टाळावा. झोपेची तक्रार असेल तर दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद करून दोन आठवडे पाहावे. झोपेच्या गोळीआधी हे करून बघण्यासारखे आहे.

बशी, धूर आणि भाजणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सियसच्या वर तापलेली पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात असे सांगितले. दोष तापमानाचा आहे, चहा-कॉफीचा नाही. बशीत ओतून, फुंकर घालून पिणाऱ्या आपल्या आज्या-आजोबांची रीत या दृष्टीने उत्तमच होती. तिला गावंढळ म्हणून हसू नका.

चूल कोपीच्या आत असेल तर धूर सगळ्यात जास्त बसतो तो स्वयंपाक करणारीच्या आणि तिच्या मांडीवरच्या मुलाच्या छातीत. पाऊस नसताना चूल बाहेर मांडा, ओले पाचट जाळू नका, आणि चहासाठी फुंकणीने चूल पेटवताना मूल दुसऱ्या कुणाकडे द्या. जर्मनचे पातेले काठावर ठेवू नका आणि सांडशी हाताशी ठेवा. उकळता चहा अंगावर सांडला तर भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. नळ नसेल तर हंड्यातले पाणी तांब्याने सावकाश ओतत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई, तेल काही लावू नका. चेहरा, हात, जननेंद्रिय भाजले असेल, किंवा भाजलेले मूल असेल, तर तळहाताएवढी जखमसुद्धा डॉक्टरांना दाखवा.

पाण्याबद्दल एवढेच की मराठवाड्यातल्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते आणि चहापत्तीतही ते असते. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. गावात अनेकांचे दात पिवळे-तपकिरी असतील, सांधे-कंबर आखडत असतील, तर ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून घ्या. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेले पाणी पिऊ नये.

कारखान्याला निघण्यापूर्वी

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात घरातल्या प्रत्येक बाईचे आणि किशोरवयीन मुलीचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर स्त्रीचे ७ पेक्षा कमी असेल तर प्रवासाआधी रुग्णालयात दाखवणे भाग आहे, गोळ्यांवर भागणार नाही. ७ ते १० च्या दरम्यान असेल तर रोज किती गोळ्या आणि पुन्हा तपासणी कधी, हे लिहून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा, म्हणजे तिकडच्या आरोग्य केंद्रात पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागत नाही. आशाताईंना आधी सांगून पूर्ण हंगामाच्या गोळ्या मागा. त्या कोपीत ठेवाल तेव्हा उंचावर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लाल गोळी मुलांना चॉकलेटसारखी दिसते, आणि मुलाने चार-पाच गोळ्या गिळल्या तरी जिवाला धोका होऊ शकतो. असे घडले तर लक्षणांची वाट न पाहता त्याला गोळ्यांच्या पाकिटासह रुग्णालयात न्या.